गोधडीखालचा काटा

सोनगीरच्या अलीकडे, आग्रा रोडला लागून लीलाधर मिस्त्रीचं पत्र्याचं गॅरेज होतं आणि त्याच्या पाठीला पाठ लावून एका खोलीचं बिऱ्हाड. मधली भिंत कुडाची. गॅरेजात पाना पडला तरी शेवंताबाईला चुलीपाशी ऐकू यायचं. चार वर्षांच्या संसारात तिचा कान असा तयार झाला होता, की भाकरी थापता थापता ती आवाजावरून सांगायची, हा पहिला गिअर, हा दुसरा, हा टॉप.

त्या चैत्रात शिरपूरच्या हस्तीमल शेटजींनी ट्रकवर घालून एक फटफटी आणून टाकली. काळीभोर, रुंद टाकीची, मुंबईहून मुद्दाम मागवलेली. तिच्यापुढे बाकीच्या गाड्या बैलगाड्या वाटाव्यात असा तिचा जोर. शेटजींचा धाकटा भाऊ सुभाषचंद ती चालवायचा. माघात पुढून ट्रक आला, पोरानं दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकायला पाय मारला, तिसरा लागलाच नाही. गाडीला ओरखडे आले तेवढेच. पोरगा गेला.

"दुरुस्त करा, विकून टाकतो," शेटजी म्हणाले. "पण मिस्त्री, जुन्या लोखंडाचा एक तुकडासुद्धा इथं ठेवू नका. सगळं फडक्यात बांधून मला द्या. तापीत सोडायचं आहे."

मग डोळे पुसत हसले. "डाव्या बुटाच्या वरच्या अंगाला कायम काळा डाग त्याच्या. गिअरचा दांडा पायानं वर उचलून उचलून पडलेला. त्याची वहिनी रोज ओरडायची, नवा बूट आणला की आठ दिवसांत काळा करतोस म्हणून."

लीलाधरनं क्लचची तार ताणली, प्लेटा बदलल्या, तेल बदललं. गाडी घेऊन फाट्यापर्यंत जायचा. घरात शेवंताबाई कान देऊन मोजायची. पहिला... दुसरा... आणि मग इंजिन मोकळंच किंचाळायचं.

"दोन लागस, तीन लागत नही," लीलाधर घाम पुसत म्हणाला. "जसं काही वाटमा कोणी पाय धरी ठेवस."

"असं नका बोलू हो. पोऱ्या निजेल शे."

पोऱ्या म्हणजे झिपरू, पाच महिन्यांचा. नाव मुद्दाम असं ओबडधोबड ठेवलेलं. त्याच्या आधीची मुलगी तिसऱ्या महिन्यात झोपेतच गेली होती, न रडता, न खोकता. तेव्हापासून शेवंताबाई दिवसातून वीसदा झोळीत वाकायची आणि पोराच्या नाकापुढे बोट धरायची. बाहेरची बाधा नको, झोळीत गोधडीखाली लोखंड हवं म्हणून सासूनं विळा ठेवायला सांगितला होता. पण झिपरू आता हात मारायला लागला होता. रोज तिच्या डोळ्यांपुढे यायचं, विळा सरकला, पातं वर आलं...

शेवटी लीलाधरनं गिअरबॉक्स उघडला. आतला गिअर सरकवणारा लोखंडी काटा वाकलेला आणि गिअरचे दात घासून गोल झालेले. "क्लच न दाबता, जीव खाई पाय मारेल शे कोणी," तो पुटपुटला. धुळ्याहून नवीन सामान आणून बसवलं. जुनं सगळं फडक्यावर काढून ठेवलं.

शेवंताबाई चहा घेऊन आली तेव्हा तो काटा तिच्या नजरेला पडला. विळ्यासारखाच वाकडा, पण बोथट. धार नाही, टोक नाही. न्यायला येतील तेव्हा परत ठेवू, असं मनाशी म्हणत तिनं तो पदराखाली घेतला, राखेनं घासला आणि विळा काढून झोळीत गोधडीखाली सारला. लोखंड ते लोखंड.

त्याच दुपारी गाडी फाट्यापर्यंत गेली. पहिला, दुसरा, तिसरा, टॉप. सुरी लोण्यातून जावी तशी.

"आते लागना!" लीलाधर दारातूनच ओरडला. "बठ्ठा गिअर लागनात!"

शेवंताबाई हसली. दोन घटकांनी झोळीत वाकली, तर जळक्या तेलाचा वास आला. झिपरू गाढ झोपला होता. त्याचा डावा पाय खाली दबला. मग वर उचलला. पुन्हा वर. श्वास भराभर चढत गेला, चढत गेला, आणि तिथंच थांबला.

तिनं बोट धरलं. काही नाही. दूर रस्त्यावर ऊन नाचत होतं, पत्रा तडतडत होता. मग पोरानं मोठा आवंढा गिळून श्वास घेतला.

"उन्हाळा शे, धाप लागस तशी," लीलाधर म्हणाला. ती रात्रभर मांडीवर पोर घेऊन बसली. एकदाही काही झालं नाही. पहाटे तिला स्वतःचीच लाज वाटली आणि तिनं पोर परत झोळीत घातलं.

दुसऱ्या दिवशी भर बाराला हस्तीमल आले. लीलाधरनं फडकं उघडून दाखवलं. शेटजी एकेक तुकडा बोटानं सरकवत होते. कुडाच्या अलीकडे शेवंताबाई झोळीची दोरी धरून ऐकत होती.

"मिस्त्री, काटा कुठं आहे?"

"इथंच होता, शेटजी..."

झोळीत डावा पाय खाली दबला. मग वर. मग पुन्हा वर, आणि या वेळी तो वरच राहिला, अंगठा ताणलेला. श्वास नाही. तिनं मनात मोजलं. दहा झाले. वीस झाले. ओठ जांभळे पडायला लागले.

तिनं गोधडीखाली हात घातला. काटा चुलीतल्या निखाऱ्यासारखा तापला होता, आणि राखेनं घासलेल्या त्या लोखंडाला ताजं तेल सुटलं होतं. एका हातात पोर, एका हातात काटा, ती तशीच गॅरेजात धावली.

"घ्या! शेटजी, घ्या ना हे... मी घेतलं होतं! बांधा!"

हस्तीमल काही विचारत बसले नाहीत. काटा फडक्यात पडला तशी त्यांनी गाठ मारली आणि हलकेच म्हणाले, "चल सुभाष. घरी चल."

झिपरूनं श्वास घेतला आणि टाहो फोडला.

लीलाधरनं शेटजींना मागे बसवलं. गाठोडं त्यांच्या मांडीवर. तापीच्या पुलावर ते सोडायचं आणि गाडी शिरपूरला पोचवायची. शेवंताबाई दारात उभी राहून मोजत होती. पहिला... दुसरा... तिनं पोराच्या नाकापुढे बोट धरलं. तिसरा. टॉप. बोटाला ऊन श्वास लागत होता.

दिवेलागणीला लीलाधर गाठोडं तापीत सोडून हसतखेळत परतला. झोळीत पुन्हा विळा आला, चिंध्या गुंडाळून. त्यानंतर झिपरूचा श्वास कधी अडखळला नाही. गाडी विकली गेली. पावसाळ्यात शेटजींनी माणसाबरोबर पोरासाठी बुटांचा इवलासा जोड पाठवला, पांढराशुभ्र. झिपरू तेव्हा जेमतेम रांगत होता. हौस म्हणून ती दुपारी बूट घालून त्याला झोळीत निजवायची. जमिनीला ते लागलेच नव्हते.

आठव्या दिवशी तिनं बूट काढले. उजवा कोरा होता. डाव्याच्या वरच्या अंगाला, बोटांच्या जरा मागे, काळा डाग पडला होता आणि तिथलं कातडं घासून पातळ झालं होतं.