सूर एकटा ठेवायचा नाय

प्रणयला गिटारचं खूळ कुठून लागलं, देव जाणे! मुरबाड-शहापूर रस्त्यालगतचं गाव, पडवीत भाताची पोती, आणि हा पठ्ठ्या आसनगावच्या गोदामातून घरी आला की मोबाइलवर कुठल्यातरी टोपीवाल्या अमेरिकन बाप्याचे व्हिडिओ लावून बसायचा. कंट्री गिटार म्हणे! महिनाभर गाडी एकाच ठिकाणी अडली होती. डबल स्टॉप. दोन तारा एकदम छेडायच्या, एकीचा स्वर जागचा हलू द्यायचा नाही आणि दुसरी बोटाने ताणून वर न्यायची. ताणलेली तार बोलायची. जागची मात्र मुकीच. नुसतं फट् फट्.

उंबऱ्यावर बसलेले त्याचे वडील, धर्मा, ऐकून ऐकून वैतागायचे. "अरे, सूर कुठाय तुझा? सूर नाय धरला तर वरची नाचानाच काय कामाची?"

त्यांना कळणारच. उभा जन्म लग्नाकार्यात सनई वाजवली त्यांनी, आणि शेजारी धाकटा भाऊ काळूराम दुसऱ्या सनईवर नुसता सूर धरून. नाकाने श्वास घ्यायचा, फुगल्या गालांनी सोडायचा, सूर तुटू द्यायचा नाही. गेल्या हिवाळ्यात म्हशाच्या जत्रेहून काळूकाका तापाने फणफणून आला, तो गेलाच. त्याची सनई त्याच्याबरोबर चितेवर ठेवली. पुढे धर्माच्या छातीने दगा दिला. डॉक्टरांनी बजावलं, आता सनई फुंकलीत तर जीव जाईल. म्हणून प्रणयच्या आईने, कमळने, सनईची फुंकायची पत्ती, जिच्याशिवाय ती वाजतच नाही, तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवली होती.

त्या रविवारी दुपारी बोटं नेमकी पडली. दोन्ही तारा एकदम बोलल्या. "आई, जमलं बघ!" प्रणय ओरडलाच.

ताणलेली तार विरली. दुसरी विरेना. त्याने तारांवर तळहात दाबला. आवाज चालूच. घाबरून त्याने ती तार पार सैल सोडली. तार लोंबली, आणि सूर आता पडवीच्या टोकाच्या खांबाकडून येऊ लागला. काकाची बसायची जागा ती. तारेचा नव्हताच तो आवाज. फुंकीचा होता.

धर्मा उठून उभे राहिले. "काळूनं सूर दिला."

"बसा ओ बाबा. मोबाइल वाजतोय तो."

"मला शिकवतो? सूर एकटा ठेवायचा नाय. आमचा नेमच हाय तो."

ते तडक आत गेले आणि तांदळाच्या डब्यात हात घातला. म्हणजे पत्ती कुठे आहे हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं! बाहेर येऊन त्यांनी पत्ती खोचून सनई ओठांना लावली. पहिलाच श्वास छातीत अडकला. ओठ काळेनिळे पडले. मागून धावत आलेल्या कमळने हंबरडा फोडला.

प्रणयला एकच सुचलं. सोबतच हवी ना सुराला? मग मी देतो! त्याने गिटार ओढली आणि उरलेल्या तारांवर बाबांची वरातीची चाल धरली, चुकतमाकत, जशी येईल तशी.

धर्माने सनई खाली ठेवली. कौतुकाने बघितलं. "वाजव. थांबू नको."

आणि ते जाऊन खांबापाशी बसले.

"दम बसला बाई ह्यांचा," कमळ डोळे पुसत म्हणाली. "चहा टाकते."

प्रणय वाजवत राहिला. बोटांची सालं निघाली. सूर आता अगदी जवळून येत होता.

त्याने मान वळवली.

बापाच्या हातात काही नव्हतं. गाल मात्र फुगलेले होते. काकाचे फुगायचे तसे.

त्याचा हात थबकला. सूर थरथरला. बापाची मान एका बाजूला कलंडली.

त्याने घाईने तार छेडली. मान सरळ झाली.

"पुरे की आता," आई कप घेऊन आली. "रक्त येतंय रे बोटांतून."

"आई, मला थांबता येत नाय." त्याचा आवाज रडवेला झाला होता.

"खुळा कुठला!" तिने गरम कप नवऱ्याच्या तोंडाशी धरला. "घ्या, दोन घोट घ्या."

धर्मा प्रणयकडे शांतपणे बघत होते. कपातली वाफ त्यांच्या नाकासमोरून जराही न हलता सरळ वर जात होती.