पाठीराखा नमस्कार शिकतो

पप्पा देवापुढे वाकले की कोणीतरी त्यांना धरून पुन्हा सरळ उभं करत होतं. आणि गंमत म्हणजे, त्यांच्या आसपास कोणीच नव्हतं!

भैरोबाच्या उंबऱ्यापाशी हे तिसऱ्यांदा घडलं, तेव्हा कृतिकाला हसू आवरेना. पप्पांनी हात जोडले, डोळे मिटले, वाकायला सुरुवात केली, तोच 'झुंईऽ' असा आवाज झाला आणि ते खांबासारखे ताठ उभे! वर त्यांच्या खांद्याजवळून कोणीतरी गोड आवाजात म्हणालं, "घाबरू नका. मी आहे ना!"

"अरे, घाबरतंय कोण? पाया पडतोय मी!" पप्पा वैतागून म्हणाले.

"पडताय? थांबा, आणखी घट्ट धरतो," आवाज म्हणाला, आणि पप्पांची कंबर होती तिथेच अडकली.

आता मात्र कृतिका पोट धरून हसली. देवळाबाहेर जमलेली पोरं हसली. भैरोबाची पूजा करणारे शंकर गुरव, सगळ्या माळवाडीचे गुरवआजोबा, तेही काठीवर रेलून हसले. हसली नाही ती एकटी हेमांगीआत्या. कारण पप्पांच्या अंगावरचा तो बोलका पोशाख तिनेच बनवला होता.

पोशाखाचं नाव पाठीराखा. हेमांगीआत्या ही पप्पांची धाकटी बहीण. ती शहरातल्या एका प्रयोगशाळेत सैनिकांसाठी नवे पोशाख तयार करायची. पप्पा सैन्यात हवालदार. दिवाळी झाली की त्यांची तुकडी बर्फातल्या एका उंच ठाण्यावर जाणार होती. तिथे विरळ हवेत, पाठीवर ओझं घेऊन चढायचं. मागच्या वेळी पप्पा तिथून परत आले ते गुडघ्याला पट्टी बांधूनच. घरचा जिना उतरताना ते भिंत धरायचे आणि कृतिका बघतेय असं दिसलं की हात पटकन खिशात घालायचे. तेव्हापासून ती आत्याच्या मागे लागली होती, "लवकर कर ना गं तुझा पाठीराखा!"

आज त्या पाठीराख्याची परीक्षा होती. ती घ्यायला कर्नल अरुंधती राणे स्वतः आल्या होत्या. माळवाडीची उभी टेकडी त्यांनीच निवडली. सकाळची चढण तर झकास झाली. पाठीवर गव्हाचं भरलेलं पोतं घेऊन पप्पा चक्क शीळ घालत वर आले.

"आत्या, पोत्याचं वजन गेलं कुठे?" कृतिकाने चढताना विचारलं होतं.

"जाणार कुठे? जमिनीत! पप्पांच्या पायांच्या कडेने हे दांडे गेलेत ना, हा बाह्यसांगाडा (शरीराला बाहेरून आधार देणारा सांगाडा). पोत्याचं ओझं हाडांवर न येता या दांड्यांतून बुटाखाली उतरतं. गुडघ्यापाशी नि कमरेपाशी छोट्या मोटारी आहेत. त्या ढांग टाकायला मदत करतात."

"आणि छातीवरचं हे? हे तर उशीसारखं मऊ आहे."

"ते चिलखत. माझ्या सोमवारच्या उपासाला तुझी आई आरारूट पाण्यात कालवते, तेव्हा काय होतं? दाट झालं की चमचा हळू फिरवला तर फिरतो, जोरात फिरवला तर अडतो. तसाच एक द्रव या कापडाच्या थरांत जिरवलाय. पप्पा हळू हलले की मऊ. जोराचा फटका बसला की क्षणात कडक. फटका सरला, की पुन्हा मऊ."

इतका शहाणा पोशाख, आणि साधा नमस्कार करू देईना!

"दादा, तू आज नमस्काराचं राहू दे ना," आत्या हळूच म्हणाली.

"वा गं हेमे! माझ्या आईने पायरी चढायला शिकवलं ते इथेच. भैरोबाला न भेटता मी आजवर एकदाही ठाण्यावर गेलो नाही."

कर्नल मॅडम हे सगळं बघत होत्या. त्या पुढे आल्या. "डॉक्टर हेमांगी, प्रश्न फक्त नमस्काराचा नाही. गोळीचा आवाज आला की जवान आधी जमिनीवर झोपतो. त्याच वेळी तुमच्या पाठीराख्याने त्याला उचलून उभं केलं तर?"

सगळ्यांचं हसू एकदम थांबलं.

"पण मॅडम, प्रयोगशाळेत आम्ही किती वेळा आडवं होऊन पाहिलं! 'आडवा!' असा हुकूम दिला की हा मोटारी सैल सोडतो."

"आणि गोळी काय हुकूम देऊन येते होय?" पप्पा म्हणाले.

आत्याचा चेहरा पडला. कर्नल मॅडमचा आवाज मात्र मऊ होता. "मी ऊन उतरलं की खाली जाईन. तोवर जमलं तर उत्तम. नाहीतर तुकडी पाठीराख्याशिवाय जाईल. अर्धवट पोशाख मी माझ्या मुलांच्या अंगावर चढवणार नाही."

कृतिकाला ती पट्टी आठवली. जिन्याच्या भिंतीवर टेकलेला पप्पांचा तळवा आठवला.

"आत्या, त्याला पडणं कळतं तरी कसं?"

"पोशाखात संवेदक आहेत (कलणं, दाब, हालचाल टिपणारी बारीक उपकरणं). पाठ पुढे कलली की ते कळवतात, 'पडतोय!' पण पडणाऱ्याची पाठही पुढे कलते आणि नमस्कार करणाऱ्याचीही. या बिचाऱ्याने ओळखावं कशावरून?"

तेवढ्यात आरतीची घंटा झाली. सगळे आत शिरले, छोटा मंडप गच्च भरला. सरकत सरकत कृतिका अगदी मागच्या भिंतीला टेकली. आरती झाली. 'भैरोबा, आत्याला काहीतरी सुचू दे रे,' असं मनात म्हणत ती डोकं टेकायला वाकली, आणि धाडकन पुढे गेली ती थेट गुरवआजोबांनी तिथे ठेवलेल्या झेंडूच्या टोपलीत!

"अगं अगं! देवाला फुलं वाहत्यात, पोरगी न्हाई!" गुरवआजोबा म्हणाले.

केसांतल्या पाकळ्या झटकत कृतिका उठली. "मी रोज इथे वाकते. आजच कशी पडले?"

आत्याचे डोळे एकदम चमकले. "पुन्हा कर बघू. तिथेच. टाचा भिंतीला लावून."

कृतिका पुन्हा टाचा भिंतीला लावून वाकली. पुन्हा तोल गेला. या वेळी पप्पांनी तिला धरलं.

"काहीतरीच! मला बघू दे," म्हणत कर्नल मॅडम भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, ऐटीत वाकल्या, आणि पुढच्याच क्षणी आत्याच्या गळ्यात! पोरांनी टाळ्याच पिटल्या. मॅडमही टोपी सावरत खळखळून हसल्या.

"आता दोन पावलं पुढे येऊन वाक," आत्या कृतिकाला म्हणाली. "सावकाश. आणि सांग, सगळ्यात आधी काय हलतं?"

कृतिका अगदी हळू वाकली. डोकं? नाही. हात? नाही. "आत्या! कंबर! डोकं खाली जायच्या आधी कंबर मागे जातेय!"

"का बरं?"

"तोल सांभाळायला?"

"शाब्बास! डोकं आणि छाती पुढे गेली की आपला गुरुत्वमध्य (सगळं वजन जिथे एकवटलंय असं मानतात तो बिंदू) पावलांच्या पुढे जाऊ लागतो. मग माणूस पडणारच. म्हणून शरीर आधीच कंबर मागे नेतं आणि तोल बरोबर करतं. भिंतीने तुझी कंबर अडवली, म्हणून तू फुलांत!"

"पण पडणारा माणूस कुठे अशी तयारी करतो?" कृतिका म्हणाली.

आत्याने तिच्याकडे पाहिलं. मग भैरोबाकडे पाहिलं. "अगं बाई," ती पुटपुटली, "सापडलं!"

ती मंडपातच फतकल मारून बसली आणि भराभर सांगू लागली. "आपण काही करायचं ठरवलं की मेंदूकडून स्नायूंना आदेश जातो. स्नायू आवळले की त्यांत अगदी नाजूक वीज खेळते, आणि अंग हलतं ते त्यानंतर. पडणाऱ्याचं उलटं. त्याचं अंग आधी कलतं, आणि स्नायू दचकून मागाहून सावरायला धावतात. म्हणजे नमस्कारात मन आधी वाकतं, मग स्नायू, मग पाठ. पडताना पाठ आधी आणि मन सगळ्यात शेवटी!"

"मग पाठीराख्याने ती वीज बघायची!"

"आणि गंमत अशी, की तो ती बघतोच! दादाच्या मांडीवर नि पाठीवर पट्ट्या चिकटवल्यात ना, त्यावरूनच तर मोटारी चालतात. पडण्याच्या बाबतीत मात्र मी त्याला तिकडे लक्ष द्यायला सांगितलंच नव्हतं."

आत्याने लॅपटॉप उघडला. "आता याला उदाहरणं हवीत. भरपूर नमस्कार आणि भरपूर पडणं."

"नमस्कार मी घालतो," पप्पा म्हणाले. "पण पडू कसा? मुद्दाम पडलो तर मन आधीच तयार असणार."

"तेच तर! तुला नकळत कोणीतरी ढकलायला हवं."

बाहेरच्या पोरांना हे ऐकू गेलं मात्र, एकच गलका उडाला. "काका, मी ढकलू?" "ए, मी आधी विचारलं!" देवळामागे गवताची गंजी होतीच. पप्पांचं पोतं उतरवलं, सावरणाऱ्या मोटारी तेवढ्यापुरत्या सैल सोडल्या, डोळ्यांवर पंचा बांधला आणि त्यांना गंजीसमोर उभं केलं. कधी कोण येऊन ढकलेल याचा पत्ता नाही. मध्येच ते हात जोडून नमस्कार घालत, मध्येच धप्पकन गवतात जात. पाठीराखाही चुकतमाकत शिकत होता. एकदा पप्पा सपशेल गवतात तोंडघशी पडले, तर हा शांतपणे म्हणतो, "नमस्कार पोहोचला."

"गंजीला?" गवत थुंकत पप्पा ओरडले, आणि पोरं लोळून हसली.

मग आत्याने त्या पट्ट्या पोरांना लावल्या, कर्नल मॅडमना लावल्या, गुरवआजोबांनाही लावल्या. प्रत्येकाचा वाकण्याचा ढंग वेगळा, पण आधी स्नायू आणि मग पाठ हा क्रम सगळ्यांचा सारखाच! गुरवआजोबांना मात्र थोडंसंच वाकता आलं. "गुडघं साथ देत न्हाईत, पोरी. देवाला हल्ली उभ्यानंच हाक मारतो."

ऊन कललं. पप्पा पुन्हा पोतं घेऊन उंबऱ्यापाशी आले. कृतिकाने श्वास रोखला. पप्पांनी हात जोडले, वाकले, गुडघे टेकले, कपाळ उंबऱ्याला लावलं. 'झुंईऽ' झालं नाही. पाठीराखा अगदी गप्प. खूप वेळाने त्याने हळूच विचारलं, "पाया पडून झालं असेल तर उठायला मदत करू?"

ते उठतात न उठतात तोच कर्नल मॅडमनी मागून त्यांना जोरात ढकललं. पाठीराख्याने जागच्या जागी सावरलं! पप्पा हुश्श करतायत, तेवढ्यात मॅडमनी प्रसादाची रिकामी कागदी पिशवी फुगवून फाटकन फोडली. हुकूम नाही, काही नाही. पण डोळ्याचं पातं लवायच्या आत पप्पा पोत्यासकट जमिनीवर सपाट, आणि पाठीराख्याने अडवलं नाही!

मॅडमनी फाटकी पिशवी खिशात कोंबली. मग आत्याला म्हणाल्या, "हा माझ्या मुलांबरोबर जाईल." कृतिका धावत जाऊन, जमिनीवरून उठणाऱ्या पप्पांच्या गळ्यातच पडली. "पडताय?" पाठीराख्याने विचारलं, आणि दोघांनाही सावरलं.

सगळे सामान आवरू लागले तेव्हा गुरवआजोबा काठी टेकत आत्याजवळ आले. "बाई, ह्यो लोखंडी सदरा... एकडाव मला घालाल का?"

आत्याने पट्ट्या चिकटवून नि पट्टे आखडून तो त्यांच्या अंगावर बसवला. आजोबांनी काठी कृतिकाच्या हातात दिली आणि हात जोडले. त्यांचे स्नायू थकलेले होते. मेंदूचा आदेश पुसटसाच पोहोचला असेल. पण पाठीराख्याला तो कळला. तो आवाज न करता गुडघ्यांत दुमडला, त्याने आजोबांना जपून खाली उतरवलं, आणि कित्येक वर्षांनी त्यांचं कपाळ भैरोबाच्या उंबऱ्याला लागलं.

 आत्यानेही हात जोडले.

"आत्या," कृतिका कुजबुजली, "मी मोठी झाले ना, की असे पुष्कळ पाठीराखे बनवीन. सैनिकांसाठी, आणि ज्यांना ज्यांना वाकायचंय त्या सगळ्यांसाठी."

"बनव हो," आत्या डोळे पुसत हसली. "फक्त आधी सगळ्यांना भिंतीशी उभं करून वाकायला लाव."

उंबऱ्यावरून आजोबा अजून उठले नव्हते. आणि पाठीराखा, न विचारता, थांबला होता.