डेपोमागची माती

"बाजूला व्हा... पोकलेन वळतंय."

आवाज वरून आला. मी खड्ड्यात गुडघे टेकून बरणीत माती भरत होते. मान न वळवताच म्हटलं, "मग त्याला थांबायला सांगा."

पोकलेन खरंच थांबलं. खड्ड्याच्या काठावर हेल्मेट मागे सरकवून एक तरुण उभा होता — कंत्राटदाराचा पुतण्या, साइटचा सुपरवायझर. नवा रेल्वेमार्ग जुन्या तेलडेपोच्या जागेवरून जाणार होता, आणि काम सुरू होण्याआधी तिथली जमीन तपासायला मला पाठवलं होतं.

मी मूठभर माती त्याच्यापुढे धरली. "वास घ्या."

तो वाकला. जरा जास्तच वाकला. "डिझेल," तो म्हणाला. "आणि... थोडा चंदनाच्या साबणाचा."

"साबण माझा आहे. डिझेलचं बोला."

तो हसला. मीही हसले, पण खड्ड्यात तोंड घालून.

मग त्याला माझ्या खड्ड्यांशी रोजच काम निघायला लागलं. कधी टेप धरायला, कधी चहा द्यायला. एकदा त्याने विचारलं, "इतक्या खालची माती कशाला हवी? रूळ तर वर असणार."

"तेल खाली झिरपतं, मग पाण्यात उतरतं," मी कुंपणापलीकडच्या चाळीकडे बोट दाखवलं. हातपंपावर एक बाई घागर भरत होती. तो बराच वेळ तिकडे बघत राहिला. त्या दिवशी त्याने एकही विनोद केला नाही... आणि त्याच दिवशी तो मला आवडायला लागला.

तपासणीत तेल खोलवर गेलेलं निघालं. सगळा पट्टा उकरून ती माती शुद्धीकरणाला न्यावी लागणार होती. हे ऐकून त्याचे काका स्वतः साइटवर आले, मागे मुरमाचा डंपर घेऊन.

"वरून मुरूम टाका. रूळ काय माती खातात?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, रिपोर्टमध्ये जरा सांभाळून घ्या."

"नाही घेणार."

"तुमच्या जागी दुसरं कोणीतरी येईल."

"येऊ दे. तोवर मी इथेच आहे." मी डंपरपुढे जाऊन उभी राहिले.

शेजारी कोणीतरी येऊन उभं राहिलं. तोच होता.

"काका, गाडी मागे घ्यायला सांगा."

"तुला लहानाचा मोठा कोणी केला?"

"तुम्ही. म्हणून आधी तुम्हाला सांगतोय... नाहीतर सरळ रेल्वेच्या ऑफिसात गेलो असतो."

काकांनी ड्रायव्हरला हाताने खूण केली आणि डंपर मागे गेला. पुतण्याला मात्र संध्याकाळी काम आणि घर, दोन्ही सोडावं लागलं.

आईच्या कानावर सगळं गेलंच. "दिवसभर चिखलात लोळतेस तेवढं पुरे नाही का? त्यात घरातून काढलेला, बिनकामाचा मुलगा."

"का काढला ते माहितेय ना?"

"माहितेय. एवढा शहाणपणा कोणी सांगितला होता त्याला?"

"मला तरी कोणी सांगितला होता?" मी म्हटलं आणि चपला घातल्या.

तो साइटच्या कुंपणाबाहेर उभा होता. आत पोकलेन काळी माती उपसून ताडपत्री लावलेल्या ट्रकमध्ये भरत होतं.

"आमच्या घरी तू कोणालाच पसंत नाहीस," मी म्हटलं.

"मला तर अजून कोणी विचारलंही नाही."

"मी विचारतेय. लग्न करशील?"

"माझ्याकडे... सध्या नोकरी नाही."

"माझ्याकडे आहे. तुलाही मिळेल."

"आणि काका?"

"दोघं मिळून लग्नाला बोलवायला जाऊ. दार लावून घेतलं, तर दाराबाहेरून बोलवू."

तो हसला, पण डोळे भरले होते. मग सगळ्या साइटच्या देखत त्याने माझा हात धरला. पोकलेनवाल्याने काम थांबवलं, मुकादम खाकरला, चाळीतल्या बायका गॅलरीत आल्या.

"सगळे बघतायत," तो पुटपुटला.

"बघू देत," मी म्हटलं आणि त्याचा हात आणखी घट्ट धरला.