बशीशिवाय

दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये जिन्यात एक कपाट अडकलं होतं, आणि नशवाला चौथ्या मजल्यावर आपल्या घरी जायचं होतं.

कपाट म्हणजे साधंसुधं नव्हे. नीश! कैरोत मुलीचं लग्न ठरलं की आधी नीश येतो आणि मग नवरा, असं नशवा नेहमी चिडून म्हणायची. काचेची दारं, सोनेरी वेलबुट्टी, आत दिवे... आणि त्या दिव्यांखाली बारा जणांचा चहाचा सेट, ज्याला त्या घरातल्या कुणाचे ओठ जन्मात लागणार नाहीत. पाचव्या मजल्यावर नवं जोडपं राहायला येणार होतं. जोडप्याच्या आधी हे धूड आलं होतं.

"अहो, कुणी आहे का पलीकडे?" तिने पेरूंची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. सकाळपासून औषधांच्या दुकानात गल्ल्यामागे उभं राहून पायांचे तुकडे पडले होते. "माणसांनी घरी जायचं कसं?"

"आधी कपाट, मग माणसं," कपाटामागून आवाज आला. "या घरांत तशीच पद्धत आहे ना, बाई?"

नशवाने मान वर केली. कपाटाची मागची फळी अजून ठोकलेली नव्हती, त्यामुळे काचेतून आरपार दिसत होतं. केसांत भुसा, कानावर पेन्सिल आणि ओठांच्या कोपऱ्यात दाबून धरलेलं हसू... जणू कुणीतरी हा माणूसच मांडून ठेवला होता आत.

"काचा लावून कुणी कपाट जिना चढवतं का?" ती करवादली.

"कुणी नाही चढवत. पण नवऱ्या मुलाच्या आईचा हट्ट – काचा गल्लीने बघितल्याच पाहिजेत. मी दुमियातचा, आमच्या गावात पोरं चालायच्या आधी रंधा धरतात. मी सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, उस्ता, तू सुतार आहेस, सुतारासारखा राहा." तो जरा थांबला. "आत या."

"काय?"

"कपाटात. आतल्या फळ्या बसवलेल्या नाहीत. पुढून आत, मागून बाहेर. हमाल दोर आणायला गेलेत, तोवर संध्याकाळ होईल."

त्याने आतूनच दारं ढकलली आणि हात पुढे केला. नशवाने जिना खालपर्यंत न्याहाळला. कुणी बघत नव्हतं. ती आत शिरली.

"जपून हं. काचसामान आहे."

"का, काच फुटेल?"

"काचेला नाही म्हटलं. तुम्हाला म्हटलं."

"मी काचसामान नाही!" ती ताठ उभी राहिली, आणि आतल्या दिव्यावर तिचं डोकं ठाणकन आपटलं.

तो हसला नाही. म्हणजे, हसू त्याने इतक्या कष्टाने आवरलं की तिलाच हसू फुटलं. "इतकी वर्षं कपाटं करतोय," तो तिला बाहेर घेत म्हणाला, "आज पहिल्यांदा आत काहीतरी कामाचं आलं."

ती फणकाऱ्याने वर गेली. घरात शिरल्यावर लक्षात आलं – पेरू कपाटातच राहिले.

दुसऱ्या दिवशी ते घेऊन तो तिच्या दुकानात हजर झाला. "सात पेरू. आठ होते. एक मी खाल्ला, डॉक्टरीणबाई. मजुरी." कैरोत औषधं देणारीलाही डॉक्टरच म्हणतात.

त्याचं नाव बद्री; कारागिराला म्हणतात तसं गल्लीत सगळे उस्ता बद्री म्हणत. वडिलांचा कारखाना दुमियातला, आणि कैरोतली कामं बघायला हा इथे, हदायेक अल-कुब्बा वस्तीत, दोन गल्ल्या सोडून. त्यानंतर आठवड्यातून दोनदा तरी त्याच्या हाताला काहीतरी लागू लागलं.

"आज काय?"

"करवत."

"आणि परवा?"

"तीच करवत. फार जीव आहे तिचा माझ्यावर."

नशवा खाली मान घालून पट्टी बांधायची – हळू, लागेल म्हणून नव्हे, लवकर संपेल म्हणून. पट्टी झाली की तो दुकानाच्या पायरीवर बसून समोरच्या टपरीवरचा चहा प्यायचा, काचेच्या पेल्यातून, तिळाची कडक पोळी बुडवून बुडवून, भुरका मारत. ते बघताना ती हातातलं काम विसरायची... आणि त्याच क्षणी ती रस्त्यावर नजर टाकायची. कुणी बघतंय का? दुसऱ्या मजल्यावरच्या मदाम इग्लाल तर नाहीत ना? ही सवय तिला आईने लावली होती, केस विंचरायची लावतात तशी. ती स्वतःला पकडायची, चिडायची, आणि पुन्हा रस्त्याकडे बघायची.

एका शुक्रवारी पायरीवर त्याने पेला तिच्या हातात दिला. "तुम्ही बुडवून बघा ना."

"रस्त्यात?"

"रस्त्याला काय होतंय? त्यालाही सवय आहे."

तिने बुडवलं. पोळीचा तुकडा चहात पडला. दोघं इतके हसले की आत औषधाला आलेले म्हातारबाबा निघून गेले. जाताना म्हणाले, "लग्न करून टाका, मग येतो."

आणि नशवाने घरी सांगितलं.

"तो?" आई, म्हणजे मदाम बुसैना, सोफ्यावर ताठ झाली. सोफ्यावर अजूनही प्लॅस्टिकचं आवरण होतं. नशवाच्या जन्माच्या आधीपासून. "तो जिन्यात भेटला होता मला. काय म्हणाला माहितेय? 'कशी आहेस, खाला?' खाला! मी काय कोथिंबीर विकते?"

सुशिक्षित घरातल्या बाईला 'तांत' म्हणायचं असतं. फ्रेंच शब्द, कुठून आला कुणी विचारत नाही, पण ज्याच्या तोंडी नाही त्याची जागा ठरली.

"आई, खाला म्हणजे मावशी. प्रेमाने म्हणाला तो."

"बीआ आहे, बीआ!"

बीआ म्हणजे खरं तर नुसता 'परिसर'. पण कैरोतली बाई नाक उडवून तो शब्द टाकते तेव्हा त्यात माणसाची गल्ली येते, त्याच्या बापाचा धंदा येतो, चहाचा भुरका येतो. एका शब्दात सगळा माणूस पायपुसण्यावर.

नशवाला संताप आला. भिंतीला आईचा नीश उभा होता, आणि त्यात निळे कप, बारा, बशांसकट, एकेका बशीखाली जाळीचा कागद. बाबा रेल्वेच्या कचेरीत कारकून होते. तीस वर्षं टवका उडालेल्या पेल्यातून चहा प्यायले. शेवटच्या आजारात एकदा म्हणाले होते, "बुसैना, त्या निळ्या कपातून दे ना एकदा." आई म्हणाली, "पाहुणे येतील तेव्हा." पाहुणे आले – बाबांना पोचवून परत आले तेव्हा. आणि त्यांनाही कॉफी दिली ती मांडववाल्याकडून भाड्याने आणलेल्या कपांतून!

हे सगळं तोंडावर फेकावं असं तिला वाटलं. पण आईच्या डोळ्यांत इतकी भीती होती... खाली घसरण्याची, कुणीतरी बघण्याची... की नशवा एवढंच म्हणाली, "एकदा घरी येऊ दे त्याला. मग ठरव."

"येऊ दे. पण काही वेडंवाकडं झालं, तर पुन्हा त्याचं नाव या घरात नको."

म्हणून मग तिने त्याला शिकवलं. पायरीवर बसून, हळू आवाजात, परीक्षेला पोर बसवतात तसं.

"तांत म्हणायचं. खाला नाही."

"तांता."

"तांत! आणि दोरी बांधलेली मिठाई नको, केकचा खोका. चहाचा आवाज नाही. काही बुडवायचं नाही. काट्याने खायचं."

"श्वास नाकाने घेऊ की तेही विचारून?" तो हसत होता. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून हसायचा थांबला. "बरं. तुझ्यासाठी जमेल मला."

'तुम्ही'चं 'तू' त्याने त्या दिवशी पहिल्यांदा केलं. तिला ते इतकं गोड लागलं की बाकीचं तिने ऐकलंच नाही.

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर तो आला. कोट, टाय, केकचा खोका. नीशमधले दिवे लावलेले होते. चहा मात्र पाहुण्यांच्या रोजच्या पांढऱ्या कपांत.

"मेर्सी, तांत."

अचूक. कप दोन बोटांत. केक काट्याने, तोंड मिटून. प्रत्येक उत्तरानंतर तो नशवाकडे बघायचा – बरोबर ना? – आणि नशवाला वाटायचं, हा कोण बसलाय इथे? कानावरची पेन्सिल कुठे गेली? ते हात कुठे गेले? कप-काटा ठेवला की हात लगेच टेबलाखाली जायचे. पट्ट्या दिसू नयेत म्हणून.

आई खुलली होती. "कोण म्हणेल सुतार! पत्रिकेवर आपण 'इंजिनिअर बद्री' घालू. सजावटीचे इंजिनिअर. खोटं थोडंच आहे?"

बद्रीने काटा ताटलीत सरळ ठेवला.

"आणि एक सांगू का, बाळ? वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्या वडिलांची ती दोन बोटं... मशीनवर गेली म्हणतात ना? फोटो काढताना तो हात खिशात ठेवतील ना ते?"

बद्रीने कप खाली ठेवला, आवाज न करता. आणि नशवाकडे बघितलं. या वेळी 'बरोबर ना' म्हणून नव्हे. तो वाट बघत होता.

तिला सगळे शब्द येत होते. एकूण एक. आणि ती म्हणाली, "आई... चहा गार होतोय."

तो उठला. "मेर्सी, तांत."

दारात तो तिच्याशी अगदी हळू बोलला. "काही चुकलं का माझं?"

"नाही..."

"तुझंही नाही चुकलं. सगळं व्यवस्थित झालं." आणि तो जिना उतरू लागला.

दार लावून नशवा उभी राहिली. आई आतून म्हणत होती, "वागायला बरा आहे हं, शिकवला तर शिकेल." आणि नशवाला राग आला. असा, की कानशिलं तापली. आईचा नव्हे. आईने निदान बारा कपच काचेत कोंडले होते. नशवाने स्वतः एक जिताजागता माणूस धुऊन-पुसून, त्याखाली जाळीचा कागद घालून मांडून ठेवला होता!

बाबांच्या तसबिरीमागे नीशची किल्ली असायची. तिने काढली.

"काय करतेस? नशवा! अगं दिवे चालू आहेत, भाजेल हात –"

तिने दोन निळे कप उचलले. जाळीचे कागद उडाले. किटलीतला चहा कपांत ओतला, थोडा गालिच्यावरही, केकशेजारच्या ताटलीतली तिळाची पोळी दातांत धरली, आणि ती तशीच घरातल्या चपलांवर बाहेर धावली. जिन्याच्या कठड्यावरून वाकून पोळी कोपराच्या बेचक्यात टाकली आणि ओरडली –

"उस्ता बद्री!"

दारं उघडली. दुसऱ्या मजल्यावर मदाम इग्लालचं तर सगळ्यांत आधी.

"उस्ता बद्री! ओ सुतार! थांबा!"

तो थांबला होता, दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये. भिंतीवर त्या कपाटाने काढलेला ओरखडा होता, आणि त्याचा हात त्यावर होता.

ती धापा टाकत खाली आली. अर्धा चहा तिच्या मनगटावर होता.

"घे."

त्याने कप घेतला. ओळखला. दुपारभर तो त्याच्या समोरच काचेत होता. "बशी?"

"नाही."

"आणि ही पोळी..."

"बुडवायची. आणि आवाज करून प्यायचं. सगळ्या जिन्याला ऐकू गेलं पाहिजे." ती थांबतच नव्हती. "पत्रिकेवर उस्ता बद्री लिहायचं. मोठ्या अक्षरांत. आणि तुझ्या वडिलांचा तो हात पुढे हवा. नसलेली ती दोन्ही बोटं फोटोत दिसली पाहिजेत, नाहीतर मी फोटोच काढणार नाही. मघाशी मी बोलले नाही... मला बोलायचं होतं आणि मी बोलले नाही. पुन्हा असं झालं तर मला –"

"तर काय?"

"तर मला त्या कपाटात कोंडून ठेव."

त्याने हळूच टाय सैल केला, पोळी कपात बुडवली, आणि कप तोंडाला लावून असा भुरका मारला की खालचं मांजर पळालं.

"तू मघाशी काचेआड होतीस," तो म्हणाला. "मला वाटलं, आता काही बाहेर येत नाहीस."

"आले ना... पुढून आत, मागून बाहेर."

त्याने तिच्या भाजलेल्या मनगटावर आपला पट्ट्यांचा हात ठेवला. या वेळी नशवाने कुणीकडेही पाहिलं नाही.

"नशवा!"

वर, वळणावर, आई उभी होती. एका हातात दोन निळ्या बशा. दुसऱ्या हातात बाबांचा टवका उडालेला पेला, त्यात चहा.

"बशीशिवाय का कुणी..." तिचं वाक्य पुरं झालं नाही. ती चांगल्या पोशाखातच पायरीवर बसली. "एकदाच मागितला होता गं त्यांनी. एकदाच."

नशवा वर गेली आणि तिच्या शेजारी बसली. बद्री दोन पायऱ्या खाली अवघडून उभा राहिला. बशा घ्याव्यात की न घ्याव्यात, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"तांत, तुम्ही –"

"खाला म्हण," आईने डोळे पुसले, आणि त्याच्या कपातून उरलेली पोळी काढून घेऊन बाबांच्या पेल्यात बुडवली. "पण जरा हळू म्हण, बाळ. दुसऱ्या मजल्यावरची दार उघडं ठेवून ऐकतेय."