उगमवेळ

अंथरुणाला खिळलेलं माणूस ज्या घरात असे, तिथं आता चादरीखाली दाबपट असायचाच. दिसायला जाड सुती कापड. पण त्यात केसाहून बारीक तारा विणलेल्या. त्या अंगाला जाणवणारही नाही इतका क्षीण विद्युतप्रवाह सोडायच्या आणि आतलं मांस जिवंत आहे की मरतंय, हे डोळ्यांना दिसण्याच्या कितीतरी आधी सांगायच्या. दर दीड तासानं घंटी वाजायची: कूस बदला.

इचलकरंजीच्या विश्वासराव देवकात्यांनी तो पहिल्यांदा अंथरला, तेव्हा आधी त्याची वीण निरखली होती. यंत्रमाग दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता. पत्नी रत्नमालाबाईंची डावी बाजू पक्षाघातानं गेली, त्याला चौदा महिने झाले होते. इतक्या दिवसांत त्यांच्या पाठीवर एक ओरखडा नव्हता. विश्वासरावांना त्याचा अभिमान होता.

बुधवारी सकाळी पटाच्या सुट्या, हातात मावणाऱ्या पडद्यावर माकडहाडापाशी काळा ठिपका उमटला. त्यांनी रत्नमालाबाईंना कुशीवर वळवून पाहिलं. कातडी धड होती. रुपयाएवढी लाली, बस. तरी त्यांनी फोन केला.

दाबपट घडवणाऱ्या चमूतल्या डॉ. परवीन मुल्ला दुपारी आल्या. त्यांनी लालीवर अंगठा दाबला आणि उचलला.

"साधी लाली असती तर दाबल्यावर पांढरी पडली असती, मग परत लाल झाली असती. ही हलत नाही, काका."

"मलम देता?"

"जखम वर नाहीच. ती हाडाजवळ झालीये." त्या त्यांना बाहेरच्या खोलीत घेऊन आल्या. "हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस चिमटलं की तिथलं रक्त थांबतं. आतलं मांस आधी मरतं, कातडी तग धरते. म्हणून आपल्याला पत्ता लागत नाही. चार-पाच दिवसांनी ही जागा जांभळी होईल, फोड येईल, मग उघडेल. तोंड लहान असेल, आत मोठी पोकळी असेल."

"थांबवता येणार नाही?"

"जे मेलंय ते परत येत नाही. काकूंचं रक्ताभिसरणही फार कमी झालंय."

डॉक्टरबाईंच्या हातातल्या पडद्यावर ठिपक्याखाली एक ओळ होती. मेलेलं मांस किती फुगलंय, त्यावरून पट मागचा हिशेब मांडायचा आणि इजा नेमकी केव्हा झाली ते सांगायचा. त्याला उगमवेळ म्हणत. विश्वासरावांनी चष्मा लावून वाचलं: रविवार, दुपारी बारा ते साडेचार.

ते खुर्चीवर बसले.

त्या रविवारी रत्नमालाबाई म्हणाल्या होत्या, "अहो, आज नका हलवू. कित्येक दिवसांनी कुठंच दुखत नाहीये." त्यांनी घंटी बंद केली होती. बाई घोरत होत्या आणि ते शेजारी बसून होते. महिन्याभरातली ती त्यांची सगळ्यात सुखाची दुपार होती.

"हे लिहून कशाला ठेवता हो तुम्ही?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "आम्हाला वाटलं, वेळ कळली की लोक शिकतील."

सोमवारी ती जागा जांभळी पडली, गुरुवारी फोड फुटला. पुढच्या आठवड्यात ड्रेसिंग करताना डॉक्टरबाईंचं बोट आत हाडाला लागलं. उदबत्त्या लावूनही खोलीतला वास जाईना. विश्वासराव आता एक घंटी चुकवत नव्हते. उताणं ठेवायचं नाही म्हणून ते बाईंना डाव्या कुशीवरून उजव्या आणि उजव्यावरून डाव्या कुशीवर वळवत राहिले. तिसऱ्या आठवड्यात डाव्या खुब्यावर ठिपका उमटला, दोन दिवसांनी उजव्या. बाईंना ताप चढू लागला.

"आता कुठल्या कुशीवर ठेवू?" त्यांनी फोनवर विचारलं.

"कुठलीच सुरक्षित नाही, काका," डॉक्टरबाई म्हणाल्या. "जखमेचं विष रक्तात गेलंय. थोडे दिवस राहिलेत. पट काढून टाकलात तरी चालेल. काकूंना बरं वाटेल तसं ठेवा."

रत्नमालाबाईंनी ते ऐकलं असावं. "उताणं ठेवा मला," त्या म्हणाल्या. "कुशीवर असले की नुसती भिंत दिसते. असं ठेवलं की तुम्ही दिसता."

त्यांनी त्यांना उताणं ठेवलं. पट काढायला हात घातला आणि तसाच मागे घेतला. बाई त्यांच्याकडे बघत होत्या. ते रविवारच्या त्या साडेचार तासांकडे बघत होते.

दीड तासानं घंटी वाजली. विश्वासराव उठले.

"नको ना हो," बाई म्हणाल्या. "पाया पडते."

कूस बदलून आता काही वाचणार नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं. पण आणखी एखाद्या दुपारची वेळ त्या पडद्यावर उमटलेली त्यांना सोसवली नसती. त्यांनी एक हात खांद्याखाली घातला, एक कमरेखाली. बाई किंचाळल्या. त्यांनी त्यांना भिंतीकडे वळवलं आणि पाठीला उशी लावली.

पुढचे सहा दिवस, बाई गेल्या तोवर, त्यांनी एकही घंटी चुकवली नाही. रत्नमालाबाईंनी त्यांच्याकडे पुन्हा काही मागितलं नाही.