निघण्याआधी मोजा

रोज सकाळी साडेसहाला, मासळीचे भाव सांगून झाले की लुसेनाच्या रेडिओवर लुडिविनाची पाच मिनिटं असायची. कार्यक्रमाचं नाव ‘निघताय ना?’ लुडी बसस्टँडवर तिकिटं फाडायची. सव्वीस वर्षं त्या खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्यांकडून जे जे कळलं होतं ते ती लोकांना वाटायची. स्वतः परदेशी गेली होती ती एकदाच, हाँगकाँगला, तीन दिवस. पण सल्ले मात्र जग फिरून आल्यासारखे द्यायची.

“परदेशात हो म्हणायला भुवया उडवू नका. समोरचा तुमच्याकडे नुसता बघत राहतो आणि चहा येत नाही. रस्ता दाखवताना ओठ पुढे काढू नका, आपल्याकडे चालतं, तिकडे गैरसमज होतात. सामानात एक मग ठेवा. कशाला ते विचारू नका, पोचल्यावर कळेल. प्रवासाला अडोबो न्या, व्हिनेगरात शिजवलेलं मांस दोन दिवस विटत नाही. आणि भेटवस्तू पहिल्याच थांब्यावर घेऊ नका, तिथे सगळं महाग असतं.”

शेवटी रोज एकच वाक्य. “आणि निघण्याआधी माणसं मोजा. दोनदा मोजा.”

लोकांना ते पाठ झालं होतं. बाजारात कोळणी तिला बघून ओरडायच्या, “लुडी, मोजलीस का गं?” लुडी हसायची. हे वाक्य कुठून आलं ते तिने नवऱ्यालासुद्धा धड सांगितलं नव्हतं.

मे महिन्यात तिच्या आईला ऐंशी पूर्ण झाली. इनाय सेपा, म्हणजे सेपाआई, म्हणून अख्खी गल्ली तिला ओळखायची. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, माणसं तिला आकारावरून आणि आवाजावरून कळायची, पण कान शाबूत आणि जीभ त्याहून. दरवर्षीप्रमाणे समुद्रावर जायचं ठरलं, अतिमोनानला. दरवर्षीप्रमाणे सगळ्यांना एकसारखे शर्ट शिवायला टाकले. यंदा पिवळे, पुढे ‘इनाय ८०’ आणि पाठीवर ज्याचं त्याचं नाव. माणसं बारा, शर्ट तेरा. तेही दरवर्षीप्रमाणे.

तेरावा इसिंगचा. लहान माप, चौदा वर्षांच्या मुलीचं. घडी मोडायची नाही, इनायच्या पिशवीतून जायचा आणि पिशवीतूनच परत यायचा. त्याबद्दल कोणी काही बोलायचं नाही.

फक्त यंदा इनायने एक नवीन गोष्ट काढली.

“जुन्या रस्त्याने जाऊ.”

लुडीचा घास हातातच राहिला. अतिमोनानला जायला दोन रस्ते. एक नवा, रुंद, मालमोटारींचा. दुसरा जुना, जंगलातून डोंगर चढणारा, इतका वळणावळणाचा की लोक त्याला कोंबडीचं आतडंच म्हणतात. एक्केचाळीस वर्षं हे घर त्या आतड्यात शिरलं नव्हतं.

“इनाय, तिकडे वळणं फार. तुम्हाला मळमळेल.”

“मी ऐंशीची झाले,” इनाय म्हणाली. “माझ्या पोरीला वळसा घालून जायचा आता कंटाळा आला मला.”

जुनाच रस्ता ठरला.

एक्केचाळीस वर्षांपूर्वी त्याच रस्त्यावर, झऱ्यापाशी, बस पाणी प्यायला थांबली होती. इनायच्या मांडीवर तान्ही बेलेन ओकत होती, लुडीचा भाऊ पोन्सो शेजारी होता. कंडक्टर ओरडला, सगळे चढले का? इनायने मान वर न करता सांगितलं, “लुडी, मोज गं चौघं आहात का.” सात वर्षांच्या लुडीने मोजलं. मी, पोन्सो, बाळ, मी. चार. “आहोत!” बस निघाली. अतिमोनानच्या चर्चपाशी उतरताना कळलं की इसिंग, त्यांची मोठी बहीण, बसमध्ये नाही. दोन तासांत माणसं परत झऱ्यावर गेली. आठ दिवस जंगल पिंजून काढलं. काही म्हणजे काही सापडलं नाही.

आपण स्वतःला दोनदा मोजलं हे लुडीला त्याच रात्री कळलं होतं. ते तिने कोणाला सांगितलं नाही. आणि आई आता ऐंशीची होती.

रविवारी सकाळी आठला जीपनी दारात उभी राहिली. जीपनी, म्हणजे दोन लांब बाकांची प्रवासी जीप, लुडीच्या नवऱ्याची, नेस्तोरची. पोन्सो, त्याची बायको आणि तीन पोरं. बेलेन, तिचा नवरा आणि दोन मुली. पातेलंभर अडोबो, केळीच्या पानात बांधलेला भात, दीर्घायुष्यासाठी लांबलचक शेवया, बर्फाची पेटी, आणि पोन्सोचा गाण्याचा भोंगा, ज्याचा आवाज कमी करायची कळ मोडलेली होती. लुडीने दारात उभं राहून मोजलं. बारा. पुन्हा मोजलं. बारा.

“बाईसाहेब, आम्ही रेडिओवर आहोत का?” नेस्तोरने विचारलं.

“तू गप गाडी चालव.”

आल्याच्या गोळ्या वाटल्या, ज्याला मळमळतं त्याच्या कानाला प्लास्टिकची पिशवी अडकवली, आणि गाणी सुरू झाली. पोन्सो गायला लागला की रस्त्यावरची कुत्री उठून बसायची. इनाय बाकाच्या मधोमध, पिशवी मांडीवर घेऊन, टाळ्या वाजवत होती.

डोंगर लागला तसा नेस्तोरने रिवाजाप्रमाणे तीनदा हॉर्न दिला आणि सगळ्यांनी एका सुरात म्हटलं, “ताबी-ताबी पो.” जरा बाजूला व्हा हो, आम्ही जातोय. दिसत नाहीत त्यांचा पाय तुडवला जाऊ नये म्हणून.

झऱ्यापाशी आता हिरवी शेड होती. एक बाई साखरेत तळलेली केळी काडीला टोचून विकत होती. इनायने गाडी थांबवायला सांगितली. उतरली मात्र नाही. नुसती झाडांकडे तोंड करून बसली. लुडी पटकन खाली उतरली.

“बारा द्या.”

बाईने काड्या मोजल्या. “तेरा. बरोबर?”

“बारा हो.”

बाईने जीपनीत नजर फिरवली. तिचे ओठ हलले. मग तिने एक काडी काढून ठेवली. “बरं,” ती म्हणाली.

लुडीने मोजलं. बारा. नेस्तोर निघाला. तोंडं चिकट झाली, गाणी थांबली, पोन्सोची मोठी मुलगी टिनटिन म्हणाली की फोनला अजिबात रेंज नाही. दहा मिनिटांनी वळणावर हिरवी शेड आली.

“दुसरी असेल,” बेलेन म्हणाली.

तीच होती. तीच बाई. तिने हात केला. “काही राहिलं का?”

नेस्तोरने मागेपुढे रस्ता पाहिला. बावीस वर्षं जीपनी चालवणारा माणूस. या रस्त्याला फाटा नाही, एकच चढ आणि एकच उतार, हे त्याला ठाऊक होतं. तो पुढे गेला. या वेळी लुडी वळणं मोजत होती. अकरा झाली. उतार लागला असं वाटलं. वाऱ्याला मीठ आल्यासारखंही वाटलं. मग बारावं वळण, आणि हिरवी शेड.

बाई नव्हती. कढईतलं तेल तडतडत होतं. बाकावर केळीच्या पानाच्या तुकड्यावर एकच काडी ठेवलेली, वाफ निघणारी.

“चकवा लागला,” पोन्सो म्हणाला. त्याच्या आवाजात थट्टा होती, पण अर्धीच.

“मग बसलाय काय?” इनाय म्हणाली. “शर्ट उलटे करा.”

हे सगळ्यांना माहीत होतं. वाट चुकवली गेली की कपडे उलटे घालायचे, म्हणजे चकवणाऱ्याला हसू येतं आणि तो सोडतो. लुडी ही युक्ती रेडिओवर कधी सांगायची नाही, लोक हसतील म्हणून. आता बारा माणसं एका डोंगरावर ती करू लागली. बायकांनी आत चादर धरली, पुरुष रस्त्यावर उघडे झाले. पोन्सोचं पोट बघून त्याच्याच बायकोने “ताबी-ताबी पो!” म्हटलं आणि जीपनी हसण्याने हलायला लागली. बेलेनच्या नवऱ्याचं डोकं बाहीत अडकलं. टिनटिनला हसता हसता उचकी लागली. नावं आत गेली, शिवणी बाहेर आल्या. सगळे सारखे पिवळे.

इनायने पिशवी उघडली आणि इसिंगच्या शर्टाची घडी मोडली.

“इनाय?”

“तिचा का सुलटा राहावा? चुकली तर तीच आहे.”

तिने तो चाचपून उलटा केला आणि शेजारी बाकावर ठेवला. मग नेस्तोरला म्हणाली, “ती काडी घेऊन ये रे.”

लुडी दारात उभी राहिली. सवयीने. आतलं हसणं अजून ओसरलं नव्हतं. ती ओठांनी मोजायला लागली, एकेका चेहऱ्याकडे ओठ करत.

तेरा.

स्वतःला दोनदा मोजलं, तिला वाटलं. तिने छातीवर हात ठेवला. एक. मग प्रत्येकाच्या डोक्याला हात लावत गेली. कपाळं घामट, ऊन ऊन. कोणी म्हणालं, “आशीर्वाद देतेस का गं?” पुन्हा हशा. सगळे ओळखीचे. एकही चेहरा परका नव्हता. शेवटी हात नेस्तोरच्या टकलावर टेकला.

तेरा.

“किती?” इनायने विचारलं.

लुडीचा हात नेस्तोरच्या टकलावरच होता.

“लुडी. किती गं?”

“इनाय, त्या दिवशी मी स्वतःला दोनदा मोजलं होतं.”

भोंगा बंद होता. झऱ्याचं पाणी ऐकू येत होतं.

“ठाऊक आहे मला,” इनाय म्हणाली. “तू झोपेत मोजायचीस, वर्षभर. मी, पोन्सो, बाळ, मी. सात वर्षांच्या पोरीला मोजायला मी सांगितलं. ते माझं होतं, तुझं नव्हे. हे तुला सांगायला एवढी वर्षं घेतली, तेही माझंच.” तिने हात पुढे केला, लुडीचं मनगट तिला बरोबर सापडलं. “आता किती?”

“तेरा.”

“मग निघा की.”

नेस्तोरने गाडी सोडली. चौथ्या वळणावर झाडं संपली आणि खाली समुद्र पसरलेला दिसला, एवढा निळा की पोन्सोने भोंगा न लावताच गायला सुरुवात केली.

तो दिवस फार छान गेला. लाटांत सगळे शर्टांसकटच शिरले, कारण दम कोणाला होता. इनायला दोघांनी धरून गुडघाभर पाण्यात नेलं. ती ओरडत होती, शिव्या देत होती, आणि बाहेर यायला तयार नव्हती. जेवायला लांबच लांब केळीची पानं मांडून मधोमध भाताची रास घातली आणि दोन्ही बाजूंनी हात चालले. संपल्यावर पानावर प्रत्येकापुढे एक चाटूनपुसून साफ केलेली जागा होती. इनायच्या उजव्या हाताला, जिथे कोणी बसलं नव्हतं, तिथेही होती. केळ्याची ती काडी जीपनीत मिळाली, कोरडी, स्वच्छ.

“कोणी खाल्लं?” पोन्सोने विचारलं.

“तूच,” सगळे म्हणाले, आणि ते खोटं आहे हे पटवायला त्याला परतीचा अर्धा रस्ता लागला.

परत ते जुन्याच रस्त्याने आले. शेड आली, एकदाच. बाईने हात केला, काही विचारलं नाही.

ओले शर्ट सगळ्यांनी एका गोणीत टाकले. धुवायचं काम लुडीचं, कपडे धुण्याचं यंत्र तिच्याकडे म्हणून. सोमवारी रेडिओवरून आल्यावर तिने गोणी रिकामी केली. एकेक झटकला, वाळू पडली, मिठाचे पांढरे ओघळ. यंत्रातून काढून अंगणातल्या दोरीवर वाळत घालताना तिने मोजले. तेरा. आता त्यात विशेष नव्हतं, शर्ट तेराच होते. बारा उलटे होते, काल घातले तसेच. इसिंगचा तेवढाच सुलटा होता. पाठीवरचं नाव उन्हात चकाकत होतं. यंत्रात फिरून सुलटा झाला असेल, लुडी म्हणाली. मोठ्याने म्हणाली.

इनाय दारात खुर्ची टाकून शेवयांचा उरलेला वाडगा खात होती. डोळे झाडांकडे, म्हणजे झाडांच्या हिरव्या डागाकडे. काल घरी आल्यापासून तिने पिशवीला हातही लावला नव्हता.

“लुडी, शिंप्याला फोन करशील तेव्हा लक्षात ठेव.”

“पुढच्या वर्षीचं आत्ताच?”

“विसरशील म्हणून सांगते. इसिंगचं एक माप मोठं सांग. काखेत आवळत होता तिला.”

लुडी दोरीपाशी गेली. लहान शर्टाची उजवी बाही वर केली. काखेतली शिवण दोन बोटं उसवली होती, आतून ताण पडून उसवते तशी.

दारातून इनाय खुशीत म्हणाली, “आणि नुसती टीप मारू नकोस. नवीनच घे. हात उंच करून नाचते ती.”