डाव्या पंखाचा दोर

खोटं सांगून मला काय मिळणार? माझ्या आईचे मामा, पोचूमामा, यांनी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. सन छप्पन्न, वैशाख, भर दुपार. मूल गावाजवळच्या पडीक धानबांध्या, म्हणजे भातखाचरं, सपाट करून केलेलं विमानाचं मैदान.

जंगलाची पाहणी करणारं छोटं विमान तिथे उतरायचं. विमान कसलं, वाऱ्यापुढे पतंगच! खुंट्याला बांधेपर्यंत दोन्ही पंखांचे दोर माणसांनी धरायचे. कप्तान 'छोडो' म्हणेपर्यंत सोडायचे नाहीत.

आदल्या वर्षी वावटळीत विमान उलटलं. डावा दोर धरलेला डोमा त्याखाली चिरडला. उजवा दोर पोचूमामांच्या हातात होता. तो तुटला, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. डोमाच्या बायकोला, वच्छलालाही.

छप्पन्न साली डावीकडे उभं राहायला गडीच मिळेना.

त्या दुपारी विमान उतरलं आणि वारा उठला...

"पकडो!" कप्तान आतून ओरडला.

मामांनी उजवा दोर धरला. डावा मोकळाच. आता विमान उलटणार, आत माणूस आहे...

विमान जागचं हललं नाही.

मामांनी वाकून पंखाखालून पाहिलं. डावा दोर ताठ ताणलेला होता. टोकाला...

कोणीच नव्हतं.

धुळीत दोन पावलं मात्र खोल रुतत चालली होती.

वारा पडला. कप्तान म्हणाला, "छोडो." मामांनी दोर सोडला.

डावा ताठच.

मैदानावर पाणी भरायला येणारी वच्छला घागर घेऊन तिथेच थबकली. तिनं दोराकडे पाहिलं, मग मामांकडे. मामा तिच्यापुढे गेले.

"बाई, दोर तुटला नोहता. डोळ्यांत धूळ गेली अन् म्या सोडला."

डावा दोर सळकन खाली पडला.

वच्छलानं त्याचं टोक उचललं. घामानं ओलं होतं. ती रडली नाही. तिनं शिव्याही दिल्या नाहीत.

"मले तवाच सांगितलं असतं पोचूभाऊ, तर त्याले सालभर उन्हात उभं राहा लागलं नसतं."

मामा ऐंशी वर्षं जगले. डोमा सुटला की नाही, देव जाणे. पण वारा उठला की मामा अंगणात जाऊन मुठी आवळून उभे राहायचे...

"सोडा आता मामा," म्हटलं तरी ऐकायचे नाहीत. मी स्वतः त्यांचं एकेक बोट उघडलंय. आम्ही दोघं जण लागायचो.